दार्दोची जीभ आणि सासूबाईंची किटली

वायफायच्या माणसाला बोलवायचं नाही, असं दार्दोने ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. पायसान्दू गावातल्या त्या घरात वायफाय एरवी ठणठणीत असे. पण मध्येच काय व्हायचं कोण जाणे, लॅपटॉपवरची माणसं तोंड उघडं टाकून गोठायची.

"तो माणूस येणार, एक बटण दाबणार आणि माझ्याकडे बघून हसणार," दार्दो बायकोला म्हणाला. "त्यापेक्षा मीच बघतो."

"मागे तू इस्त्री बघितली होतीस," मिर्ता म्हणाली. "तेव्हापासून आपण ती दाराला अडसर म्हणून लावतो."

पण या वेळी गोष्ट इस्त्रीपेक्षा मोठी होती. लोकरीची गिरणी बंद पडल्यापासून दार्दो घरी बसून होता. आता चहासारख्या माटेसाठी लागणारी पानं, म्हणजे येर्बा, विकणाऱ्या मोंतेविदेओच्या एका कंपनीला चव पारखणारा माणूस हवा होता आणि गुरुवारी लॅपटॉपवर मुलाखत होती. दार्दोच्या जिभेचा तर गावात दबदबा होता (असं त्याचं मत). माटे काय, सगळेच पितात. पण एक घोट घेऊन पाणी कशावर तापवलंय ते सांगणारा तो एकटाच. "किटलीचं पाणी गातं! मायक्रोवेव्हचं पाणी मुकं असतं!" हे तो पाहुण्यांना ऐकवायचा आणि पाहुणे घड्याळाकडे बघायचे.

त्याचं दैवत म्हणजे सासूबाई, दोन्या ऑर्फिलिया. त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन पाणी तापवायच्या. तेव्हा आत कुणी जायचं नाही, असा घरचा नियमच होता. भाच्याने नाताळला दिलेला मायक्रोवेव्ह विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असे. तो म्हणे फक्त मांजरीच्या दुधासाठी.

दार्दोने लॅपटॉप बंद करून चालू केला. शेजारचा नेल्सन चोरून फुटबॉल बघतो या संशयाने पासवर्ड बदलला. (नेल्सनचं काही अडलं नाही, मिर्ताचा फोन मात्र बंद पडला.) उंचावरून लहरी नीट पडतात असं कुठेसं ऐकून त्याने राऊटर स्वयंपाकघरातल्या फळीवर, बरोब्बर मायक्रोवेव्हच्या डोक्यावर नेऊन ठेवला. दुखणं आणखीच वाढलं.

आणि मग बुधवारी त्याला शोध लागला.

"मिर्ता, सापडलं! आधी वायफाय मान टाकतं. मग सासूबाई थर्मास घेऊन बाहेर येतात आणि त्याच क्षणी ते टुणकन उठून बसतं. माटे आला की वायफाय सुधारतं!"

"म्हणजे त्यालाही तुझ्यासारखं सगळं आयतं हातात लागतं," मिर्ता म्हणाली.

गुरुवारी तो सासूबाईंपुढे हात जोडून उभा राहिला. "आज हात आखडता घेऊ नका. थर्मासवर थर्मास येऊ द्या."

"जावईबापू, माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?"

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो!"

त्यांनी सुस्कारा सोडला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पडद्यावर सेन्योरा बेरुत्ती आणि एक टकले गृहस्थ अवतरले. "पाणी कसं तापवलंय ते तुम्ही ओळखता म्हणे?" बाईंनी विचारलं.

"डोळे मिटून! आमच्या घरी फक्त किटली. मायक्रोवेव्हचं पाणी नुसतं ओठाला लागलं तरी मी..."

बेरुत्तीबाई गोठल्या. इतक्या महिन्यांनी आलेली संधी डोळ्यांदेखत चालली होती.

"सासूबाई, माटे! लवकर!"

"तापवतेय हो!" आतून आवाज आला. पडद्यावर बेरुत्तीबाईंचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला.

"अजून माटे!"

"अजून तापवते!"

शेवटी राऊटरजवळ तरी जावं म्हणून दार्दोने लॅपटॉप छातीशी धरला, घरचा नियम मोडला आणि खांद्याने दार ढकललं.

टिंग!

त्याच क्षणी वायफाय लखलखीत सुरू झालं, आणि साऱ्या मोंतेविदेओला दिसलं: रुमाल बाजूला, मायक्रोवेव्ह उघडा, दोन्या ऑर्फिलियांच्या हातात वाफाळता जग. किटली गार पडली होती आणि तिच्यात लाकडी चमचे खोचून ठेवले होते.

"हे कधीपासून चाललंय?" दार्दोच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं.

"तुम्ही पहिल्यांदा 'पाणी गातंय' म्हणालात ना, तेव्हापासून."

मिर्ता मागून आली आणि तिला एकदम उलगडा झाला. "अरे, हे यंत्र चालू असलं की वायफाय गुदमरतं! आणि तू राऊटर त्याच्याच डोक्यावर ठेवलास, वर आईला तापवायला लावत बसलास!"

दार्दो स्टुलावर मटकन बसला. लॅपटॉपमधून कुजबुज येत होती. आता एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता, आणि ऐकायची त्याची हिंमत नव्हती.

"सेन्योर दार्दो," बेरुत्तीबाई म्हणाल्या, "मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवतात आणि कुणाला सांगत नाहीत, अशा लोकांसाठी आम्ही नवी येर्बा काढतोय. सकाळपासून नुसत्या जाणकार जिभा भेटताहेत. आम्हाला हवी होती चारचौघांसारखी साधी जीभ. तुमच्याइतकी साधी अजून भेटली नव्हती. सोमवारी कामावर या."

दार्दोचे डोळे भरून आले. आनंद मोठा की अपमान, हे त्याला ठरवता येईना. पण मिर्ताने गळ्यात हात टाकले तेव्हा आनंदाचं पारडं जड झालं.

संध्याकाळी त्याने माटेचा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आता कळल्यावर मात्र फरक लगेच जाणवतो हं. मायक्रोवेव्हचं पाणी ते, मुकंच!"

"आज तुमच्या नोकरीच्या आनंदात गुडघे विसरून किटलीवर तापवलंय, जावईबापू," दोन्या ऑर्फिलिया म्हणाल्या.

ओट्यावर काढून ठेवलेले लाकडी चमचे मिर्ताने गोळा केले आणि कुठे ठेवावेत ते शोधू लागली.