मुश्ताकभाईंचा फ्रीज

मुश्ताकभाई हातात आलेला चहा लगेच पीत नाहीत. समोरच्या चालू मशीनवर ग्लास ठेवतात आणि वाकून चहाकडं बघत बसतात. चहा हलला की त्या मशीनची इज्जत गेली. माझ्या नव्या स्कूटरची त्यांनी अशीच घालवली, तीही सासऱ्यांसमोर.

वाळूजच्या आमच्या शेडमध्ये छोट्या विमानांच्या इंजिनाला लागणारे रबरी गुटके बनतात. इंजिनाची थरथर त्या गुटक्यांनी गिळायची, पायलटच्या दातांपर्यंत पोचू द्यायची नाही, एवढाच आमचा धंदा. त्यातले मुश्ताकभाई उस्ताद. मी केस पांढरे झाले तरी शिकतोच आहे.

"लई आवळू नका, जाधवराव. रबराला श्वास घेऊ द्या," असं ते दिवसातून दहादा सांगतात. पण माझा हात मूळचा ट्रॅक्टर दुरुस्तीचा. आमच्याकडं सैल नट म्हणजे खानदानाला बट्टा. परवा चाचणीचं इंजिन बसवताना गुटक्यामधली लोखंडी नळी मला पुढं आवळू देईना. मी ती काढूनच टाकली, पान्याला पाइप जोडला आणि बोल्ट असे पिळले, की रबराची भाकरी झाली. इंजिन सुरू होताच चहाचा ग्लास चालत चालत कडेपर्यंत गेला आणि मुश्ताकभाईंच्या पायजम्यावर उतरला.

"नळी कुठंय?" एवढंच ते म्हणाले.

नळी माझ्या खिशात होती.

रविवारी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. भाभी जाऊन दोन वर्षं झाली, ते एकटेच राहतात. मिक्सर, कूलर, पाण्याची मोटर, सगळं गुटक्यांवर आणि चिडीचूप. फक्त फ्रीज खडखडत होता. त्यावरच्या डब्यात भाभींच्या काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या.

उस्तादांच्याच घरात ही गफलत? ते दूध आणायला गेले तेवढ्यात मी कोपऱ्यात पडलेले चार गुटके फ्रीजखाली सरकवले. वर काठोकाठ पाणी भरून ग्लास ठेवला. पाणी हललं नाही. माझी पाठ मात्र धरली.

मुश्ताकभाई दुधाची पिशवी घेऊन दारातच थांबले.

"काम एकदम पक्कं केलंत," ग्लासातल्या पाण्याकडं बघत म्हणाले. "आता काढा ते."

"काही चुकलं का, भाई?"

"नाय, मियाँ. ह्या आवाजानं वाटतं, ती अंदरच हाय. रोट्या लाटतीय."

मी पाठ धरून गुटके काढले. फ्रीज खडखडला, बांगड्या वाजल्या. मुश्ताकभाईंनी चहा केला, आणि त्या दिवशी आपला ग्लास कशावरही न ठेवता गरम गरम पिऊन टाकला.