रविवारी सुट्टी घेणारा झरा

आपण आखलेली गोष्ट कधी फसत नाही, असा ऑरिन लुंडचा ठाम समज होता. छत्तीस वर्षं त्याने थिसल बेंडच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निम्म्या गावाला हे पटवूनही दिलं. उरलेलं निम्मं गाव त्याच्या विषयात नापास झालेलं असल्यामुळे त्यांच्या मताला तो किंमत देत नसे.

मार्चअखेर दरीत काढायच्या चार दिवसांची आखणी तर त्याने अशी केली होती की युद्धाला निघालेल्या सेनापतीनेही शिकवणी लावावी. दरीत मुक्काम करायचा सरकारी परवाना पाच वर्षांनी सोडतीत लागला होता. रस्सा ओव्हनमध्ये वाळवून त्याचे पापड झाले होते. वजन वाचावं म्हणून दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला होता. राहिला होता तो फक्त गुडघा.

गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात झाली होती. मुलगी कॅमिल सॉल्ट लेक शहरात लोकांचे गुडघे-खांदेच ताळ्यावर आणायचं काम करायची, त्यामुळे बापाचा गुडघा तिच्या अखत्यारीत होता. लहानपणी दर मार्चला, कॉटनवुडच्या झाडांना पालवी फुटली की दोघं दरीत उतरायची. मग तिचं कॉलेज आलं, नोकरी आली, आणि मध्ये अकरा वर्षं गेली. यंदा ती हो म्हणाली होती, पण अट घालून.

"बाबा, तुझ्या पाठीवर तुझी झोपायची पिशवी आणि सँडविच, बस. बाकी सगळं मी उचलणार. नाही जमत, तर परवाना परत करू."

ऑरिनला हे फार लागलं. जिला खांद्यावर बसवून ओढे ओलांडले, तिच्या पाठीवर आपलं ओझं टाकून जायचं? त्याने फोनवर मुकाट्याने हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी गुपचूप तयारीला लागला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून रोज सकाळी पाठपिशवीत एकेक गॅलन पाण्याचे चार कॅन, म्हणजे चांगलं पंधरा किलो वजन भरायचं आणि कब्रस्तानामागची लाल टेकडी चढायची. कॅमिल आली की तिच्यासमोर भरलेली पिशवी एका झटक्यात पाठीवर घ्यायची. आधी कळलं, तर ती परवाना परत केल्याशिवाय राहायची नाही.

आता, ओझं घेऊन उतरणं गुडघ्याला वाईट. म्हणून तिथले लोक चढताना पाणी नेतात, माथ्यावर ओतून देतात आणि मोकळ्या पाठीने खाली येतात. ऑरिनही तेच करी. माणूस टापटिपीचा, तेव्हा भलतीकडे चिखल नको म्हणून तो रोज एकाच कपारीत ओते. आणि रविवारी नाही. रविवार प्रार्थनेचा.

तिसऱ्या आठवड्यात टेकडीच्या पायथ्याशी, कब्रस्तानाच्या भिंतीलगत, कोरड्या खडकातून पाणी पाझरू लागलं.

ते पहिल्यांदा दिसलं व्होंडा एस्प्लिनबाईंना. बाई ऐंशीच्या, पाट कंपनीच्या अध्यक्ष. गावात कुणाच्या शेताला किती वाजता पाणी हे त्या ठरवत, आणि त्यांच्या घड्याळापुढे देवाचंही चालत नसे असं लोक म्हणत. त्यांचे यजमान ऑल्डन तिथेच भिंतीआड पुरलेले. त्यांनी उभी हयात त्या टेकडीखाली पाणी शोधण्यात घालवली, अकरा विहिरी खणल्या, अकराही कोरड्या गेल्या, गावाने हसून घेतलं. बाई त्या ओल्या खडकाला हात लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

वाळवंटातल्या गावात झरा! पंधरा दिवसांत तिथे शेवाळ आलं, हिरवं गवत आलं, कुणीतरी बाकडं आणून ठेवलं. बाईंनी वहीत नोंदी सुरू केल्या. झरा रोज साडेनऊच्या सुमारास सुरू होई, दुपारी थांबे. आणि रविवारी टिपूससुद्धा नाही. झराही रविवार पाळतो म्हटल्यावर गावचं चर्च सांभाळणाऱ्या संसारी बिशपच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऑरिनच्या डोळ्यांपुढे मात्र काजवे चमकले. त्याने घाबरून टेकडीवर जाणंच बंद केलं. बुधवारी झरा आटला, गुरुवारी गावाचे चेहरे आटले, आणि बिशपने जाहीर केलं की येत्या रविवारी झऱ्यासाठी सगळ्यांनी दोन वेळचा उपास करायचा. ऑरिननेही केला. आपण स्वतःच बंद केलेल्या पाण्यासाठी दिवसभर उपाशी राहणारा जगातला तो पहिलाच विज्ञान शिक्षक असावा. शेजारच्या बाकावर व्होंडाबाई कोरड्या ओठांनी प्रार्थना करताना त्याला बघवेनात. सोमवारी पहाटे तो कॅन भरून टेकडीवर हजर.

रविवारी उपास, सोमवारी पाणी! आता शंका घ्यायला जागाच उरली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कॅमिल आली ती वाटेत गावात ऐकलेली बातमी घेऊनच. शनिवारी सकाळी चर्चच्या सभागृहात सभा होती, मंगळवारी विहीर खोदायचं यंत्र येणार होतं, आणि यंत्रवाल्याला मोबदला म्हणून व्होंडाबाईंनी आपल्या बागेची उन्हाळ्याची पाण्याची पाळी देऊन टाकली होती. म्हणजे चाळीस पीचची झाडं यंदा कोरडी राहणार. ऑरिनला जेवण गेलं नाही. बोललो तर दरी जाणार, गप्प बसलो तर बाईंची बाग. सोमवारी पहाटे निघायचं होतं, पिशव्या दाराशी तयार होत्या.

सभेत व्होंडाबाईंनी झऱ्याचं शास्त्र सांगायला त्यालाच उभं केलं. "ऑल्डन म्हणायचे, पाणी इथेच आहे," त्या म्हणाल्या. "आता आपले गुरुजी सांगतील."

गुरुजी उभे राहिले.  मागच्या रांगेत कॅमिल कौतुकाने बघत होती, आणि त्या नजरेचा शेवटचा निरोप घेऊन ऑरिन म्हणाला, "ते पाणी माझ्या नळाचं आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. कॅन, कपार, रविवार, गुडघा, काहीही वगळलं नाही. सभागृहात सगळ्यांना एकदम आपापल्या उपाशी रविवारची आठवण झाली.

"ऑरिन," बिशप शेवटी म्हणाला, "माझ्या बायकोला मधुमेह आहे. तिनेही उपास केला."

ऑरिनने मान खाली घातली. तेवढ्यात मागून कॅमिलचा आवाज आला. "कॅन किती होते?"

"चार."

"माथ्यापर्यंत? सहा दिवस? किती आठवडे?"

"सात. मधले तीन-चार दिवस सोडून."

"आणि गुडघा?"

"ठीक आहे गं," ऑरिन कळवळून म्हणाला. "मला नुसतं सँडविच घेऊन यायचं नव्हतं तुझ्याबरोबर."

 कॅमिलने नाक ओढलं आणि खिडकीबाहेर बघितलं. व्होंडाबाई मात्र वही मिटून हळूहळू चालत त्याच्यासमोर आल्या. आता आपली धडगत नाही, असं ऑरिनला वाटलं.

"चाळीस वर्षं मी पाण्याच्या पाळ्या लावतेय," बाई म्हणाल्या. "घड्याळ लावून येणारं पाणी कुणीतरी सोडलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं. कळून घ्यायचं नव्हतं, झालं." मग वही काखेत मारून, "ऑल्डनच्या थडग्याच्या दगडाभोवती पिवळी फुलं आलीत. बासष्ट सालच्या लग्नानंतर त्या माणसाने मला पहिल्यांदाच फुलं दिली. तू चार दिवस दरीत गेलास तर पाणी कोण नेणार?"

दुपारपर्यंत सभागृहाच्या दाराला पाळ्यांची यादी लागली. यंत्रवाल्याला नकार कळवला गेला, बाग वाचली. सोमवारच्या पाळीला पहिलं नाव बिशपचं होतं, आणि अक्षर त्याच्या बायकोचं होतं.

घरी आल्यावर कॅमिलने दोन्ही पिशव्या जमिनीवर उपड्या केल्या. तंबू, चूल, भांडी, वाळवलेला रस्सा, सगळं मोजून-मापून बापाच्या पिशवीत भरलं. पंधरा किलो. ऑरिनने ती एका झटक्यात पाठीवर घेतली आणि स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. सात आठवड्यांचं सार्थक झालं.

सोमवारी सकाळी दोघं दरीच्या काठावर उभी राहिली. ऊन कोवळं होतं. खूप खाली ओढ्याकाठी कॉटनवुडला पोपटी पालवी फुटली होती, आणि काठापासून तिथपर्यंत पायवाट वळणं घेत घेत थेट खाली गेली होती.

कॅमिलने वाटेकडे बघितलं, मग त्याच्या पिशवीकडे, मग त्याच्या गुडघ्याकडे.

"बाबा," ती म्हणाली, "ओझं घेऊन उतरायचा सराव तू किती केलास?"

ऑरिनने खडकांवरून नजर फिरवली. कपारी आजूबाजूला पुष्कळ होत्या, पण तंबू काही ओतून देता येत नव्हता.