नऊ आणि दहाच्या मध्ये

केरुअण्णा नरवडे गोल्फच्या होलला कान लावत. बॉल आत पडून आम्ही टाळ्या वाजवायला लागलो, की हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ हिरवळीवर पालथे पडत, गाल गवताला टेकवत आणि ऐकत राहत. आतून त्यांना काय ऐकू येई कोण जाणे. मग उठून, सदरा झाडत म्हणत, "थांबला. आता लिहा."

तसा नियमच आहे. बॉल होलच्या आत स्थिर झाला पाहिजे, आणि अख्खा पातळीखाली गेला पाहिजे. आत जाऊन उसळी मारून बाहेर आला, तर तो गेलाच नाही. अण्णांची सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली होती, त्यामुळे पातळी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पण हा नियम ते साऱ्या जगाला लावत. लासूर स्टेशनहून भाचा आला असं वहिनींनी सांगितलं, की हे विचारत, "बसला का? बसला की मग आला म्हणा." चहात बुडवलेल्या खारीचं टोक वर दिसलं, तर ती बुडाली असं म्हणू देत नसत. एकदा क्रांती चौकात सिग्नलला मी स्कूटर थांबवली, पण पाय टेकायचा होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "वकीलसाहेब, अजून थांबला नाय तुम्ही."

छावणीच्या बाजूला आमचा लहानसा क्लब. स्पर्धेला पंच अण्णाच. होलच्या काठावर बॉल लटकला, की खेळाडूनं तिथवर चालत यायचं आणि पुढं दहा सेकंद वाट बघायची. तेवढ्यात पडला तर ठीक, नंतर पडला तर एक फटका दंड. अण्णा मोठ्यानं मोजत. नऊपर्यंत घड्याळासारखे. नऊनंतर दहा यायचाच नाही.

त्या नऊ-दहाच्या मध्ये एखादं लग्न जमून बारसंही होईल, असं आम्ही म्हणायचो. पण प्रत्यक्ष तिथं उभं असताना कुणाला हसू येत नसे. कडेची टिटवी गप्प होई. अण्णांची नजर बॉलवर नसे, त्याच्या पलीकडं कुठंतरी असे. खांद्याची कापडी पिशवी ते छातीशी धरत. आणि वारा नसताना, कुणाचा पायही हलला नसताना, बॉल किंचित थरथरे आणि टप्पकन आत जाई. दरवेळी नाही. पण ज्या वेळी जाई, त्या वेळी मानेवर थंड हात फिरल्यासारखं वाटे.

एका वार्षिक स्पर्धेत माझ्या प्रतिस्पर्ध्याचा बॉल नेमका नऊ-दहाच्या त्या फटीत पडला. वेळेत धरला तर कप दोघांचा, उशिरा धरला तर माझ्या एकट्याचा. मी आयुष्यभर कोर्टात उभा राहिलेलो. कमिटीपुढं मी असा युक्तिवाद केला, की ज्या पंचाला दहा म्हणता येत नाही तो पंचच नव्हे. कप मला मिळाला. अण्णांना पंचाच्या जागेवरून काढलं.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "पडला व्हता का नाय, वकीलसाहेब?"

प्रश्न 'कधी पडला' हा आहे, असं मी म्हणालो.

"व्हय," म्हणाले आणि गेले.

पुढं ते क्लबात दिसेनात, म्हणून मी घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, हर्सूलला असतील, तलावावर, रोज तिथंच असतात. मला काही ठाऊक नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी दत्तूचं सांगितलं. दत्तू हा अण्णांचा पाठचा भाऊ. ऐन तारुण्यात हर्सूलच्या तलावात पोहायला उतरला, तो वर आला नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी तळ धुंडाळला, हाती काही लागलं नाही. काठावर चपला तेवढ्या राहिल्या. लोक म्हणाले, गेला.

"ह्यांनी एकच धरलं," वहिनी म्हणाल्या. "थांबलेला पाह्यला का कुणी? आमच्यात त्याचं दिवसपाणी झालं नाय. फोटोला हार नाय."

मी तलावावर गेलो. ऊन उतरलं होतं. अण्णा काठावर बसले होते आणि पिशवी रिकामी होती. पाण्यापासून हातभर अंतरावर चपलांचा जुना जोड ठेवला होता. पंजे जमिनीकडं, म्हणजे पाण्यातून वर येणाऱ्याला सरळ पाय घालता यावेत. एका चपलेचा अंगठा नवा होता.

मी शेजारी बसलो. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हळू आवाजात त्यांचं मोजणं चाललं होतं. नऊ म्हणाले आणि थांबले. पाणी काचेसारखं पडलं होतं. मग मधोमध, काही पडलं नसताना, एक वलय उठलं आणि काठाकडं येऊ लागलं. माझं तोंड उघडलं. सवय वकिलाची, पुढचा आकडा जिभेवर आलाच होता. अण्णांनी न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घाई काय हाय, वकीलसाहेब?"

वलय चपलांपाशी येऊन विरलं. अण्णांनी चपला उचलल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या, पिशवीत घातल्या. "चला. अंधार पडंल."

क्लबाच्या फळ्यावर त्या वर्षापुढं माझं एकट्याचं नाव आहे. ते दुरुस्त करावं. तो बॉल वेळेत पडला होता. दहा कुणीही म्हटलं नव्हतं.