डोमाजीचा किरमिजी झगा

आजारी माणूस भेटला की आपण काय झालं, कधी झालं, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, असं विचारतो. डोमाजी विचारतो, "कोनता रंग देऊ?"

माझी आणि त्याची ओळख अशीच झाली. नोकरीतून सुटल्यावर मला कमी ऐकू येऊ लागलं. मुलाने नागपूरहून कानामागे लावायचं यंत्र आणून दिलं. ते कोणाला दिसू नये म्हणून मी डोक्याला मफलर गुंडाळून बाहेर पडलो. पण दिवस उन्हाळ्याचे होते आणि भंडाऱ्याच्या उन्हात मफलर बांधलेला मास्तर लपेल कसा? शेजारच्या दुकानातून डोमाजी टेप गळ्यात घालून आला, मफलर बाजूला सारला, यंत्र निरखून पाहिलं आणि नाक मुरडलं. म्हणाला, "मातीचा रंग हाय हा, गुरुजी. मोती लावून देतो. दिसू द्या ना, काय बिघडते?"

हे त्याचं पालुपद. दिवसातून किती वेळा म्हणतो, त्याला गणती नाही.

डोमाजी शिंपी. मूळचा दिघोरीचा. धानाची कापणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, त्यातल्या एका कंपनीचे कपडे शिवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. एकदा ऐन हंगामात राजाचं काम करणाऱ्या नटाचा पाय मोडला. पायाला बाहेरून लोखंडी पट्ट्या बसवलेल्या. मालक म्हणाला, धोतर लांब सोडा, झाकून टाका. डोमाजीने ऐकलं नाही. उरलेली जर त्या पट्ट्यांवर गुंडाळली, गुडघ्यावर पितळी चकती ठोकली आणि धोतर वर खोचलं. राजा लंगडत रंगमंचावर आला, लोकांना ते चिलखत वाटलं आणि मंडपभर शिट्ट्या झाल्या. तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं की लाज लोखंडात नसते, ते उघडंबोडकं ठेवलं म्हणून वाटते.

पुढे कंपन्यांना भाड्याचे तयार कपडे मिळू लागले आणि डोमाजीने सरकारी दवाखान्याच्या रस्त्यावर दुकान टाकलं. पोटासाठी झंपर आणि शाळेचे गणवेश शिवतो. जीव मात्र रस्त्याने जाणाऱ्यांच्या नळ्या, पट्टे आणि कुबड्यांत. तहसील कचेरीतल्या एका बाबूच्या कंबरपट्ट्याला त्याने तलवार अडकवण्याची कडी लावून दिली. कृत्रिम पाय लावणाऱ्या कॉलेजच्या मुलीला मखमली खोळ शिवली, पोपटी, तिच्यावर आंब्याची कोयरी. कारध्याची पार्बताबाई डायलिसिसला यायची. ती नदीवर मासे धरणाऱ्यांच्या घरातली. तिच्या गळ्यापाशी कायमची नळी बसवलेली. तिला त्याने असा झंपर शिवला की नळी एका चंदेरी मासोळीच्या तोंडातून बाहेर यावी. पार्बताबाई आरशासमोर खूप हसली. तिला दुकानात तसं हसताना मी स्वतः पाहिलं आहे.

डोमाजीची इच्छा एवढीच. मला कितीदा तरी बोलून दाखवलेली. "एक तरी मानूस माह्यं काम घालून गांधी चौक पार करन, तं माह्या जल्माचं सोनं झालं."

तेच कधी झालं नाही. दुकानातून निघालं की थोड्या अंतरावर औषधाच्या दुकानापाशी वळण आहे, त्यापुढे चौक. गिऱ्हाईक वळणापर्यंत ताठ मानेने जायचं आणि तिथे थांबायचं. बाबू शर्ट पट्ट्यावर ओढून घ्यायचा. ती मुलगी सलवार खाली सोडायची. पार्बताबाई पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळायची आणि मासोळी आत जायची. डोमाजी प्रत्येक वेळी दारात उभा राहून वळणाकडे पाहायचा. मग आत येऊन मशीनवर बसायचा. वाईट मलाच वाटायचं, पण माझा तरी काय इलाज होता? माझे मोतीही कपाटातच होते. मान हलवली की ते यंत्रावर आपटत आणि माझ्या कानात थेट भजनी मंडळ बसे. शिवाय बायकोने सांगून टाकलं होतं की हे लावून माझ्यासोबत बाजारात यायचं नाही.

डोमाजीचा स्वतःचा अवतार निराळाच. ऐन मे महिन्यात, कुत्री नालीत जाऊन पडतात त्या उन्हात, हा पायघोळ किरमिजी झगा घालून बसतो. नाटकातल्या कुठल्याशा प्रधानाचा झगा, बाह्यांची जर काळी पडलेली. पोरं त्याला प्रधानजी म्हणतात, तो मान तुकवून मुजरा घेतो. बरं, कोणाच्या घरी बसायचा नाही. दिवाळीच्या फराळालाही उंबऱ्यापाशी उभा. चहा दिला तर नको, पाणी दिलं तर नको. माझी बायको म्हणायची, एवढा कसला तोरा या माणसाला? मी म्हणायचो, कलावंत आहे, असायचाच विक्षिप्त.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी मशीनचा आवाज येईना म्हणून मी डोकावलो. डोमाजी मशीनवर डोकं टेकून बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. समोरच्या रिक्षावाल्याच्या मदतीने त्याला दवाखान्यात नेलं. तो शुद्धीत होता, पण झग्याच्या कडा दोन्ही मुठींत धरलेल्या, सोडेना. शेवटी सिस्टरने रागावून त्या सोडवल्या आणि झगा वर केला.

आत लघवीची पिशवी होती. साधी, प्लास्टिकची, पिवळी पडलेली. जुन्या पायजम्याच्या नाडीने मांडीला बांधलेली. सिस्टरने विचारलं, किती दिवसांपासून? तो म्हणाला, लय वर्षं झाली. मी त्याचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. आम्हाला ठाऊक नव्हतं. चहा का नको, पाणी का नको, बसणं का नको, ते सगळं तिथे उभ्या उभ्या कळलं आणि मला फार लाजल्यासारखं झालं. साऱ्या गावाच्या नळ्यांना जर लावणारा हा माणूस स्वतःची पिशवी नाडीने बांधून हिंडत होता.

त्याने लुंगी आणायला पाठवलं. दुकानामागच्या त्याच्या घरात एक खाट, एक चूल, एक पेटी. लुंगी शोधताना पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली खोळ लागली. कोशाच्या रेशमी कापडाची, किरमिजी काठ, आतून मऊ अस्तर, बांधायला रेशमी बंद, कडेला जरीची बारीक वेल. मापावरून ती कशाची ते कळत होतं. इतकं सुंदर काम त्याने दुसऱ्या कोणासाठी केलेलं मी पाहिलं नव्हतं. ती एकदाही वापरलेली नव्हती.

दवाखान्यात मी ती त्याच्यापुढे धरली. शिवली तर लावली का नाही, एवढंच विचारलं. 

"नाटकाचा झगा शिवून झाला का मी तो आंगात घालो अन् यशोदेसमोर उभा राहो," तो म्हणाला. यशोदा म्हणजे त्याची बायको. तो आमच्या शेजारी राहायला येण्याआधीच ती वारली होती. "ते चुलीपाशी बसून म्हने, फिरा जरा. मी फिरो. मंग म्हने, आता झाला. हे शिवलं तवा ते नव्हती. पाहाले घरात कोनी पाह्यजे ना, गुरुजी."

मी म्हणालो, मी आहे ना पाहायला.

"तुमाले रंगातलं काय समजते?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून मोती काढले. यंत्राला अडकवले, ते कानामागे लावलं आणि मफलरबिफलर न घेता निघालो. वळण आलं, गेलं. गांधी चौकात पानठेल्यावरचे लोक बोलायचे थांबले. माझा एक जुना विद्यार्थी पाया पडायला वाकला, वर पाहिलं आणि हसू दाबत पळाला. मागे बाकीचे मोकळेपणाने हसले. कानात मोती खणखणत होते, तरी मला ते हसणं ऐकू आलं. यंत्र चांगलं आहे.

दवाखान्यात डोमाजीने मला वॉर्डाच्या दारातच पाहिलं. जवळ बोलावलं, एक मोती सरळ केला.

"चौकातून आले?"

"चौकातून."

"लोकं हासले?"

"हासले."

"मंग पाह्यलं त्याहिनं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मला वाटलं, हीच वेळ आहे. माझ्या हातातल्या थैलीतून खोळ काढून मी त्याच्या पांघरुणावर ठेवली. त्याने काठावरून हात फिरवला, वेलीचा एक सुटलेला धागा आत खोचला. मग जुन्या घडीवरच ती पुन्हा नीट दुमडली आणि माझ्या हातात दिली.

"पेटीत ठेवून द्या. डांबराच्या गोळ्या सरल्या असन, दोन टाका," म्हणाला आणि चादर कमरेपर्यंत ओढून घेतली.

मी तसाच चौकातून परत आलो. वळणावर आल्यावर सवयीने त्याच्या दुकानाच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मोती काढले नाहीत. घरापर्यंत ते कानात वाजत राहिले.