मागून आवाज देऊ नये

भैय्याजींच्या पवनारच्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही हा दुसरा नियम होता. घरातून निघालेल्या माणसाला मागून आवाज द्यायचा नाही. त्याचा डबा राहो, चष्मा राहो (एकदा भैय्याजींचा मुलगा भाजीची पोती अंगणात ठेवूनच वर्ध्याच्या बाजारात पोचला होता), माणूस निघाला की मागच्यांनी तोंड मिटायचं. टोकलं की काम बिघडतं. अगदीच निकड असेल तर धावत त्याच्या पुढे जायचं, वळायचं आणि मग बोलायचं. समोरून चालतं.

भैय्याजींची नात रंजिता वर्ध्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती आणि 'काऊन?', म्हणजे 'का?', हा तिचा लाडका शब्द होता. लहानपणी तिनं या नियमावर तो वापरून पाहिला, तेव्हा मनकर्णा आजीनं, "तुले भूक लागली अशीन," असं म्हणून तिच्या हातात भाकर दिली होती. त्या घरात अवघड प्रश्नांचा निकाल असाच लागत असे.

गेल्या वर्षी वरच्या खोलीत टोमास राहायला आला. चेक देशातला. हाताने सूत कातण्यावर तो काहीतरी जाडजूड लिहीत होता. मराठी तो पुस्तकातून शिकला होता, त्यामुळे पवनारात ते कोणालाच धड कळत नव्हतं. वर्ध्याला जायला-यायला त्यानं एक जुनी मोटारसायकल घेतली आणि परदेशात गाडी कशी चालवावी याची एक पुस्तिका, जी त्यानं तिकडून येतानाच आणली होती, ती अक्षरशः पाठ केली. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना गाद्या आणि अंधारात चमकणारं जाकीट घालून तो पहिल्यांदा खाली उतरला, तेव्हा ओट्यावर सुपारी कातरणारे शेजारचे अण्णाजी म्हणाले, "हा वर्ध्याले चालला का सरहद्दीवर?"

वळताना टोमास इंडिकेटर लावत असे. पवनारात ही गोष्ट नवीन होती. लोक गाडी दामटून त्याच्या पुढे जात आणि कळवळून सांगत, "भाऊ, लाइट चालू राह्यला तुमचा."

त्या दिवशी सकाळी आजी आणि रंजिता ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत होत्या (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीशी त्याचा संबंध नाही). टोमासनं आरसे पुसले, हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला, आजूबाजूला बघितलं आणि गाडी काढली. फक्त साइड स्टँड वर घेतलं नाही.

"आजी, स्टँड!" रंजिता म्हणाली.

"पाह्यलं मी."

"मंग सांग ना त्याले!"

"आता कशी सांगू? निंगला ना तो."

रंजितानं तोंड उघडलं. "टो—" एवढंच बाहेर पडलं आणि आजीचा सांबाराच्या वासाचा तळवा तिच्या तोंडावर बसला. टोमास फाटकाबाहेर गेला होता.

दारातून हे बघणारे भैय्याजी मात्र निर्दय नव्हते. त्यांनी खिशातून मोबाइल काढून टोमासलाच फोन लावला. तो जाकिटात वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घेऊ नये, असं पुस्तिकेत होतं. मग त्यांनी वळणावरच्या पानठेल्यावर फोन केला. "अबे श्रावण, आमचा गोरा येऊन राह्यला. त्याले समोरून थांबव."

श्रावण तसा भला माणूस. हातातलं पान तसंच टाकून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात हलवू लागला. पण उन्हासाठी त्यानं डोळे सोडून सगळ्या तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. आणि तोंड झाकलेल्या अनोळखी माणसानं हात दाखवला तर थांबू नये, हेही पुस्तिकेत होतं. टोमासनं इंडिकेटर लावला, शिस्तीत डावीकडे गाडी झुकवली, स्टँड डांबराला अडकलं, आणि तो रस्त्याकडेच्या तुरीच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात डोक्यापर्यंत गेला. दोन देशांचे सगळे नियम तंतोतंत पाळले गेले होते.

डावं मनगट मोडलं. बाकी माणूस गाद्यांमुळे आणि कुटारामुळे शाबूत राहिला.

संध्याकाळी ओट्यावर चौकशी बसली.

"टोकलं कोणं?" भैय्याजींनी विचारलं.

"टोकलं असतं तं पडलाच नसता!" रंजिता उसळली.

"'टो' तं गेलता," आजी म्हणाली. "मी हात ठेवला, पण 'टो' निसटला."

अण्णाजींनी सुपारीचं खांड गालात सारलं. "अर्ध्या आवाजानं हात मोडला. पुरा गेला असता तं काय झालं असतं, सांगा बरं."

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. रंजिता सोडून.

टोमासला नियम समजावून सांगण्यात आला. त्याला तो फार आवडला. "हे अत्यंत मननीय आहे," तो प्लास्टरमधल्या हाताकडे बघत म्हणाला. तेव्हापासून घरातला कोणीही निघाला की तो ओठ घट्ट मिटून घेत असे.

प्लास्टर काढायचा दिवस आला. त्याला दवाखान्यात न्यायचं भैय्याजींनी स्वतःकडे घेतलं. त्याचीच मोटारसायकल, पुढे भैय्याजी, मागे टोमास. टोमासनं आपलं हेल्मेट त्यांना देऊ केलं. "माह्या डोक्यात काय हाय फुटाले?" भैय्याजी म्हणाले आणि दुपट्टा बांधून बसले. (या मुद्द्यावर रंजिताचं त्यांच्याशी प्रथमच एकमत झालं.)

गाडी सुरू झाली. स्टँड खाली.

टोमासला ते दिसलं. तो रंजिताकडे केविलवाणा बघू लागला, पण तोंड उघडेना. मागे बसलेला माणूस काहीही बोलला तरी मागूनच बोलणार. नियम नियम असतो.

रंजिताला त्याचं दुसरं मनगट दिसत होतं. आणि भैय्याजींचं सत्तरीतलं हाडही. गाडी फाटकाशी पोचली, आजीचा हात उचलला गेला, पण या वेळी रंजिता आधीच पायरीवरून खाली उतरली होती.

"भैय्याजी! स्टँड!"

धाम नदीवरचे बगळे उडावेत असा तो आवाज होता. गाडी थांबली. भैय्याजींनी खाली पाहिलं, टाचेनं स्टँड वर केलं. मग गाडी बंद करून ते उतरले आणि परत ओट्यावर येऊन बसले. टोकलं तर तसंच करायचं असतं. आजीनं पाणी दिलं. ते सगळं पिऊन झाल्यावर भैय्याजी म्हणाले, "म्हण, पुन्हा टोकणार नाई."

"मी नाई म्हणणार."

"पोरी, मोठ्यायचं आयकावं," अण्णाजी म्हणाले.

"आयकलं ना मागच्या खेपेले. याचा हात मोडला," रंजिता म्हणाली. "ज्याचं स्टँड खाली दिसन त्याले मी मागून वरडीन, पुढून वरडीन, झाडावर चढून वरडीन. काम बिघडलं तं बिघडू द्या. हातपाय तं जागेवर राह्यतीन!"

भैय्याजी पेल्याच्या तळाकडे बघत राहिले. अण्णाजींचा अडकित्ता सुपारीवर उघडाच राहिला. आजीला तर भाकरसुद्धा सुचली नाही. हे तिघे एकाच वेळी गप्प बसलेले रंजितानं जन्मात पाहिले नव्हते.

आता यावर आणखी एक शब्द बोललं तर मजा जाईल, हे तिला कळत होतं. तिनं पुस्तकांची बॅग खांद्याला अडकवली, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली, हेल्मेट घातलं, स्कूटी काढली आणि मान ताठ ठेवून फाटकाबाहेर पडली. मागून कोणी हूं की चूं केलं नाही. जिंकणं म्हणजे हीच शांतता, असं तिला वाटलं. वळणापर्यंत ती मनातल्या मनात आपलंच भाषण पुन्हा ऐकत होती.

वळणाच्या अलीकडे श्रावण रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभा होता. या खेपेस त्यानं तोंडावरचा दुपट्टा आठवणीनं सोडला होता.

रंजितानं करकचून ब्रेक दाबला. "काय झालं जी?"

"भैय्याजीचा फोन आलता. म्हणे, तिले समोरून सांग." त्यानं अदबीनं स्कूटीच्या खाली बोट दाखवलं. "स्टँड, ताई. अन् आजी म्हणे, डबाबी घरीच राह्यला."