लिंबू चिरडायची पद्धत

आयुधपूजेच्या सकाळी गुंडोने ठरवलं, गाडीची बॅटरी मेलीय हे सासूबाईंना कळू द्यायचं नाही. ‘जुनी गाडी घेऊ नका,’ असं कृष्णाबाईंनी निपाणीहून तीनदा फोन करून बजावलं होतं आणि तिन्ही वेळा गुंडोने ‘अगदी नव्यासारखी आहे’ म्हणून छाती फुगवली होती. (छाती अठ्ठावीस इंच, फुगवल्यावर साडेअठ्ठावीस.)

गाडीला हार घातला. दृष्ट जावी म्हणून चाकांपुढे लिंबं ठेवली. सणाला आलेल्या कृष्णाबाई देवळात न्यायचं ताट मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या.

‘चालू करा की, जावईबापू.’

‘आई, आमच्या बंगळुरात गाडी हातानं ढकलूनच लिंबू चिरडतात. पद्धत आहे.’

कमलाने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, ही पद्धत ती आजच ऐकत होती.

राहुकाळाला दहाच मिनिटं उरली होती. गुंडोने मागून दात-ओठ खाऊन जोर लावला. गाडी ढिम्म.

‘अप्पा,’ दहावीतली आश्लेषा म्हणाली, ‘मास जास्त, फोर्स कमी. ॲक्सिलरेशन येणार कुठून? मास कमी करा, नाहीतर फोर्स वाढवा.’

कमी करण्याजोगं मास काचेतून त्याच्याकडेच बघत होतं. गुंडोने मुकाट्यानं फोर्स वाढवला. कमला आली, आश्लेषा आली, शेजारचे शेषगिरीअण्णाही आले. सगळे घामाघूम झाले, गाडी तसूभर हलेना. शेवटी गुंडोने मान वर करून पाहिलं, तर अण्णा पुढून बॉनेट रेटत होते!

‘अण्णा, हे काय?’

‘लिंबावर एकदम जाऊ नये, म्हणून स्वल्प आवरून धरतोय. सरी ना, बरोबर ना?’

‘सोडा हो!’

अण्णा बाजूला झाले. तिघांचा जोर एकाच दिशेला लागला, त्यात गेटकडे उतार. लिंबं फचकन फुटली, गाडी सुटली आणि गुंडो रांगोळीवर पालथा पडला. आत सासूबाई एकट्या!

गाडी गेटजवळच्या वाळूच्या ढिगात रुतून थांबली. सगळे धावले. ताट कृष्णाबाईंच्या मांडीवर जसंच्या तसं होतं.

‘लागलं नाही ना, आई?’

‘मला काय धाड भरलीय? हॉर्न दाबून दाबून अंगठा दुखला तेवढा. एकदाही वाजला नाही.’

गुंडोने मान खाली घातली.

‘बॅटरी मेली असं मी नाही हो म्हणत,’ कृष्णाबाई सीटवर मागे रेलून आरामात बसत म्हणाल्या. ‘पद्धत म्हणजे पद्धत. आता देवळापर्यंत अशीच येऊ द्या.’

देऊळ तीन किलोमीटरवर होतं, आणि सगळा चढ.