घरतकाकांची पोपटीबंदी

आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात उभं राहून गप्पा मारायला बंदी आहे. चेष्टा करत नाही. पेणला कधी आलात तर या बघायला, जिन्यात लाल अक्षरांत पाटीच आहे: 'आपत्कालीन मार्ग. थांबू नये.' भाजीची पिशवी पायरीवर टेकवून शेजारणीला नुसतं "कुठं निघालीस गो?" विचारलं, की वरून आवाज येतो, "चालत बोला. रिक्स हाय."

हा आवाज घरतकाकांचा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मूळचे इथल्याच गडब गावचे, पण नोकरी सगळी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, सेफ्टी खात्यात. रिटायर झाले तरी खातं काही सोडलं नाही, ते आमच्यावर चालवायला घेतलं. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला, त्यामुळे दिवसभर मोकळे. त्यांच्यावर लिहायचं म्हणून मी आधी परवानगी घेतली. म्हणाले, "लिही. पण चालता चालता कुणी वाचू नये, असं टाक त्यात." टाकलं.

आता मला सांगा, गच्चीवर सुकट वाळत घातली तर कुणाचा जीव जातो? काकांच्या मते जातो. "सुकट आली की मांजर आलं. मांजरामागं पोरं आली. पोरं चढली कठड्यावर. झालं काय तर जबाबदार कोण?" खरं कारण अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत काका खाट टाकून झोपतात. क्रिकेट बंद केलं ते 'डोळ्यास इजा' म्हणून, आणि चेंडू लागला होता काकांच्या खिडकीच्या काचेला. गणपतीत झांजांचा त्रास होतो असं सरळ म्हणाले असते तर आम्ही ऐकलं असतं. पण नाही. कंपनीत वापरतात ते कानात घालायचे पिवळे बोळे घेऊन आले आणि आरतीला उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवले. गुरुजींनी एक तोंडात टाकला.

भांडायला मी कधीच मागं सरले नाही. रोह्याच्या शाळेत शिकवते, आवाज कमावलेला आहे. तरी मी पुष्कळ सोसलं. पण या हिवाळ्यात बोर्डावर 'मागील मोकळ्या जागेत पोपटी लावण्यास सक्त मनाई' असं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

पोपटी माहीत नसेल तर सांगते. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी, कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. वरून पुन्हा पाला ठासून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. आमच्याकडे वाल तयार झाले की घरोघर हेच चालतं. एरवी आमच्या बिल्डिंगमध्ये कोण कुणाच्या दारात जातं? सगळे एका ताडपत्रीवर बसतात ते त्या एका संध्याकाळी. तीही बंद केली तर राहिलं काय?

आणि पोपटी लावणार कोण, तर काकाच. लोक मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्र झालं की झाली म्हणतात. काकांना ते नामंजूर. लांब खुर्ची टाकून बसायचे, नाक जरा वर करायचे आणि म्हणायचे, "काढा." शेंगा अगदी हव्या तशा. फक्त कोरोनात बंद पडलेली पोपटी गेल्या वर्षी पुन्हा लावली, तेव्हा बिघडलं. आम्ही विचारतोय, "काका, काढू का?" आणि काका आपले, "थांबा, वास नाय आला अजून." वास वास करता शेंगांचा कोळसा झाला आणि आम्ही वडापाव मागवून खाल्ले. लोक बोलायचं ते बोललेच. मला वाटलं, तोच राग काढतायत आता.

तेव्हा मी तयारीनिशी गेले. वाळूच्या बादल्या ठेवते, पाण्याचं पिंप भरते, नायलॉनच्या साड्या नेसून कुणी येणार नाही, सगळं पाठ केलं होतं. दार उघडलं आणि तोंड उघडायच्या आधी नाकात गॅस शिरला. शेगडीवर डाळ उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण चालूच. काका मात्र निवांत. "ये. भांडायला आलीस ना? आधी चहा टाकतो." आणि लायटर उचलला.

मी कशी धावले, मला आठवत नाही. लायटर हिसकावला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. काका पांढरेफटक. "दिव्याच्या बटणाला हात लावू नको," एवढंच बोलले. घर मोकळं होईपर्यंत आम्ही जिन्यात जाऊन बसलो.

"काका, एवढा वास सुटला होता."

"मला वासच येत नाय गो," ते म्हणाले. "कोरोना झाला तेव्हा गेला. सगळ्यांचा परत आला, माझा नाय आला. चवबी तशीच. खारट, आंबट, तेवढं कळतं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? पोरगा म्हणेल, एकटं राहू नका, रिक्स हाय. गॅस काढील, मला पुण्याला नेईल. जन्मभर मी लोकांना हेच सांगितलं, आता त्याला चूक कसा म्हणू?" मग समोरच्या लाल पाटीकडे बघत म्हणाले, "गेल्या वर्षी वाटलं, पोपटीचा वास तरी येईल. लहानपणापासनं ओळखीचा. त्याची वाट बघत बसलो. पुन्हा सगळ्यांच्या देखत तसं बसायचं नाय मला."

मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. मी म्हटलं, "आता माझ्या अटी ऐका. या आठवड्यात गॅसचा अलार्म बसवायचा. तो बसला की मुलाला स्वतः फोन करायचा. आणि शनिवारी पोपटी लावायची, तुम्हीच."

"वास?"

"नाक माझं. बाकी तुमचं."

अलार्म बसला. फोन त्यांनी माझ्यादेखत केला. बराच वेळ "व्हय, व्हय" चाललं होतं, शेवटी "मी इथंच राहणार, तू येऊन बघून जा" असं म्हणून ठेवला.

शनिवारी पाला आणि शेंगा गडबहून काकांनीच आणल्या, मडकं त्यांनीच भरलं. आग पेटली. खुर्चीत काका, शेजारी मी. लोकांना वाटलं, आमचं भांडण चाललंय.

"ओला पाला जळल्यासारखा येतोय," मी हळूच म्हटलं.

"तो तोंडाकडचा. थांब."

"आता ओव्यासारखा. जरा कडवट."

"शेंगेला वेळ हाय अजून."

ताडपत्रीवरून कुणीतरी विचारलं, "काका, यंदा पण कोळसाच काय?" काकांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. मी डोळे मिटले.

"काका, गोडसर येतोय."

"कच्च्या दाण्याचा का शिजलेल्या?"

"शिजलेल्या. आई बिरडं करायची ना, झाकण काढलं की यायचा, तसा."

काका उठून उभे राहिले. "काढा."

शेंगा अशा झाल्या होत्या की गेल्या वर्षी बोललेले सगळे यंदा काकांच्या नाकाचं कौतुक करत होते. काकांनी पानात चार शेंगा घेतल्या आणि माझ्या बाजूला येऊन बसले. एक सोलून दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"मीठ बरोबर पडलंय," ते म्हणाले. मग पानाकडे बघतच म्हणाले, "बाकीचं तू सांग."

मी सांगू लागले. दाणा किती मऊ झालाय, पाल्याचा कडवटपणा सालीवरच कसा राहिलाय, ओवा मागून कसा लागतो. काका एकेक शेंग सोलून खात होते आणि प्रत्येक घासाला माझं बोलणं पुरं होईपर्यंत थांबत होते.